डावीकडची पिन

बसवनगुडी, बेंगळुरू
२१ जुलै २०२४

चि. सौ. निवेदितास अण्णांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुम्हा दोघांची खुशाली तुझ्या मेसेजवरून कळतेच. पुण्यात चांगला पाऊस झाला म्हणतेस. इथे नुसतं आभाळ भरून येतं आणि जेवायला न थांबणाऱ्या पाहुण्यासारखं निघून जातं.

फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस. फोनचा माईक बिघडलाय असं मी कळवलं होतं, पण तुला ते पटलेलं दिसत नाही. बरोबरच आहे. ज्या माणसाने घरातल्या मिक्सरपासून शेजाऱ्यांच्या पंपापर्यंत सगळं उघडून परत बसवलं, त्याला महिनाभर एक फोन दुरुस्त करता येऊ नये, हे शेंबडं पोरही मान्य करणार नाही. असो.

तुझा प्रश्न मी विसरलेलो नाही. महिनाअखेर तुम्हाला घराचं नक्की करायचंय. मी येणार असेन तर एक खोली जास्तीची घ्यायची, नाहीतर नाही. मे महिन्यात तू विचारलंस तेव्हा मी ताडकन म्हणालो होतो, "हातपाय धड आहेत तोवर मी बसवनगुडी सोडणार नाही." तुला ते लागलं. तू लगेच जावईबापूंच्या प्रमोशनचा विषय काढलास, त्यावरून कळलं. उत्तर देतो. पण आधी सायकलीचं ऐक.

माझी जुनी काळी सायकल, जिला तुझी आई माझी पहिली बायको म्हणायची, ती मी फिक्स करायला काढली. नेहमीच्या सायकलीत आपण पाय थांबवले तरी चाक आपलं पळत राहतं. मागची फ्रीव्हील काढून तिथे घट्ट चक्र बसवलं, की ही सोय संपली. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडलावरचे पायही फिरणार. इथली तरुण पोरं हौसेने अशा सायकली करून घेतात. मीही हौसेनेच केली असं तुला लिहिणार होतो.

मागचं चक्र बसलं, पण साखळी तिरकी धावायला लागली. पुढचं चक्र फार बाहेर होतं. म्हणजे दोन पायडलांच्या मधला एक्सल लांब पडत होता, तो काढून आखूड घालायला हवा. सायकलवाल्याने एक्सल, तो ज्यांत फिरतो ते दोन कप आणि छर्रे घरपोच पाठवले आणि वर निरोप दिला की या वयात आता रिक्षाने फिरा. मी दोन्ही क्रँकच्या, म्हणजे पायडलांच्या दांड्यांच्या, पिना ठोकून काढल्या. उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. सगळं जग ज्या दिशेने उघडतं, तिकडे तो आवळतो. भल्याभल्यांची तिथे फजिती होते. माझी झाली नाही. पान्याला पाइप जोडून लांब केला आणि एका हाताने जोर लावून कप सोडवला. एका हाताने का, ते राहू दे.

ग्रीस भरलं, छर्रे मांडले, नवा एक्सल घातला. साखळी अशी सरळ आली की बघत राहावं. कारखान्यातले दिवस आठवले. फक्त दाखवायला कोणी नव्हतं. स्वयंपाकाच्या गोदूबाईंना बोलावून दाखवली, तर म्हणाल्या की छान आहे, पण व्हरांड्यात ग्रीसचे डाग कोण पुसणार.

गोदूबाईंशी मध्यंतरी माझं जरा बिनसलं होतं. त्या स्वयंपाक चांगला करतात, पण ताटात चटणी वाढेनाशा झाल्या. कोशिंबीर नाही, लिंबाची फोड नाही. दोनचारदा मी तोंडसुख घेतलं. शेवटी परवा त्या माझ्या ताटाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, चटणी रोज वाढते की. स्वल्प डावीकडं बघा."

चटणी होती. कोशिंबीर, लिंबू, मीठ, सगळं आपापल्या जागी होतं. रोज असायचं आणि रोज तसंच परत जायचं. डोळ्यांना दिसत होतं, निवू, पण मला ते आहे हेच कळत नव्हतं.

आता लपवण्यात अर्थ नाही. या पत्राची प्रत्येक ओळ पानाच्या मध्यापासून सुरू झालीये, डावी बाजू कोरीच राहिलीये, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या आत्ता आलं.

जूनमध्ये मला अर्धांगाचा झटका आला. सकाळी चहाचा कप हातातून पडला आणि तोंड वाकडं झालं. गोदूबाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डावा हात आणि डावा पाय कमजोर झाले, आणि जीभ जड झाली. फोनचा माईक उत्तम आहे. मी बोललो असतो तर पहिल्या शब्दाला तुला कळलं असतं. गोदूबाईंना मी शपथ घातली होती, त्यांना दोष देऊ नकोस.

व्यायाम करून घ्यायला बसवंत नावाचा निपाणीकडचा मुलगा येतो. तो म्हणाला, मोठ्या दवाखान्यात आपोआप फिरणारी पायडलं असतात, त्यावर दुबळा पाय ठेवला की तोही फिरतो. मी म्हटलं, एवढंच ना. फिक्स सायकल स्टँडवर चढवली की झालं. उजवा पाय चाकाला गती देईल आणि चाक डाव्या पायाला ओढून नेईल. महिनाअखेरपर्यंत पाय सुधारायचा, जीभ सुधारायची, मग तुला फोन करून ऐटीत सांगायचं की जास्तीची खोली घेऊ नका. माझाच शब्द मला खोटा पाडायचा नव्हता.

काल दुपारी गोदूबाई गेल्यावर मी स्टँडवरच्या सायकलवर चढलो. चाक फिरलं. डावा पाय वर आला, खाली गेला, परत वर आला. मला हसू आलं. मग डावा क्रँक सुटला, पाय खाली निसटला आणि सायकलीसकट मी आडवा झालो. उजव्या क्रँकची पिन ठोकून तिचा नट मी दोनदा आवळला होता. डावीकडच्या पिनेला नटच लावलेला नव्हता. तो माझ्या समोर, पायरीवर, पडलेला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या, आणि सायकलीची एक अख्खी बाजू मी विसरलो.

लागलं फार नाही. पण उठता येईना. जाळीतून रस्ता दिसत होता. एक बाई आणि तिची लहान मुलगी चालली होती. मी हाक मारली. तोंडातून शब्द निघालेच नाहीत, नुसता घोगरा आवाज. मुलगी थांबली. बाईने तिला ओढून घेतलं आणि म्हणाली, "कुडुक इद्दाने, बा." पिऊन पडलाय, चल.

ज्या रस्त्यावर माझ्या आजोबांच्या काळापासून सगळे आमच्या घराला ओळखत होते, त्या रस्त्यावर मी दारुड्या झालो. तिचा राग आला नाही. तिने तरी काय करावं? संध्याकाळी बसवंत येईपर्यंत मी तसाच पडून होतो. वेदनेने नाही, पण रडलो. मला वाटायचं, मी या घराला धरून आहे. काल कळलं की घर मला धरत नाही, निवू. इथे मी फार एकटा आहे. झटक्याच्या आधीपासून होतो.

बसवंतने नट लावून दिला. सायकल आता छान चालते, आणि पायही सुधारतोय. तो म्हणतो, वर्षभरात काठी सुटेल. म्हणजे मी असहाय होऊन येतोय असं समजू नकोस. काठी सुटली तरी मला इथे राहायचं नाहीये.

जास्तीची खोली घे. मी येतो.

उद्या फोन कर, उचलेन. निम्मे शब्द कळणार नाहीत, पण घाबरू नकोस. वडिलांनी पत्राच्या शेवटी आशीर्वाद द्यायचे असतात, ते सुरुवातीलाच दिलेत. शेवटी यावेळी मीच तुझ्याकडे एक गोष्ट मागतोय. मला न्यायला तू स्वतः ये.

तुझा,
अण्णा