दादांच्या गाठीचे परम गोपनीय व्यवस्थापन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सायं. ६
आजपासून मी, टेंभुर्णीच्या शाळेतील संस्कृतचा शिक्षक, थोरले बंधू रामकिसनदादा यांच्या उपचारांचा प्रमुख समन्वयक. नियुक्ती स्वयंस्फूर्त. मेंदूत खोलवर गाठ. शस्त्रक्रिया अशक्य, असे संभाजीनगरच्या डॉक्टरांचे मत. पर्याय तीन: सहा आठवडे किरणांचा शेक, तीन आठवडे शेक, अथवा केवळ सूज उतरवणाऱ्या गोळ्या. समूळ बरे करणारा यांत एकही नाही. हे वाक्य मी पुन्हा विचारून घेतले. डॉक्टरांनी पुन्हा सांगितले.
संकल्प: दादांना अक्षरही कळू द्यायचे नाही. त्यांच्यापुरते 'नस दबली आहे'.

५ नोव्हेंबर, बुधवार
फाइल सिद्ध. निळे लेबल, अनुक्रमणिका, परिशिष्टे. कौसल्यावहिनी म्हणाल्या, भाऊजी, फाइल बराबर झाली, पण गोळीची वेळ कुठं लिहिली? ते कलम राहिले होते. क्षुल्लक त्रुटी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दु. २
तिन्ही पर्यायांचे तौलनिक विवेचन कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाडले. शीर्षक: 'दादांना कळू देऊ नये'. क्षणार्धात पहिला प्रतिसाद. अंगठा. दादांचा.
ग्रुप त्यांनीच काढलेला आहे, हे स्मरणातून निसटले. संदेश तत्काळ नष्ट केला.

तोच दिवस, दु. ३
तो केवळ माझ्याच फोनवरून नष्ट झाला, असे पुतणी मोनाली कळवते.

८ नोव्हेंबर, शनिवार
रहस्य अबाधित. दादांच्या मुखावर संशयाची छटाही नाही. सायंकाळी त्यांनी विचारले, राध्या, तीन आठवड्यांच्या शेकानं केस जातात का रे? मी म्हणालो, कसला शेक? ते म्हणाले, बरं, राहू दे. नस दबलेल्या माणसाचे जातात का?

११ नोव्हेंबर, मंगळवार
कौटुंबिक सभा. विषय, दादांपुरता, 'नसेचे उपचार'. सहा आठवड्यांच्या बाजूने मी चाळीस मिनिटे बोललो. दादांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, मी मोनालीच्या फोनवरून डॉक्टरांशी कवाच बोललो. तीन आठवड्यांचं ठरलं. सहा आठवडे परगावच्या खोलीत कोण पडंल? तुरीच्या शेंगा भरायच्या टायमाला मला घरी यायचंय.
समन्वयकास कळवले का नाही, असे मी विचारले. वहिनी म्हणाल्या, फाइल हातात असली की तुम्ही रडत न्हाई, म्हणून राहू दिली.
गोळीच्या वेळेचे कलम फाइलीत तत्काळ लिहून काढले.

१७ नोव्हेंबर, सोमवार
शेकाचा पहिला दिवस. दादांनी माझ्यावर एकच कार्य सोपवले: गाडीत बोलायचे नाही. मौन हे माझे सामर्थ्यस्थान असल्याने सहर्ष स्वीकार. बदनापूरपर्यंत व्रत कडकडीत पाळले. पुढे चष्म्यात धूळ गेली. दोन्ही काचांत, एकदम.
दादांनी स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हाती दिली आणि ड्रायव्हरला म्हणाले, जरा बाजूला घे बाबा. पेशंटला बरं वाटंना.