अर्ध्यावर थांबलेल्या पेशी

१२ ऑगस्ट १९९७, पालघर
उमरोळीच्या ओढ्यातले पट्टेरी मासे. भावंडांचीच जोडी लावली होती, तिची काही पिल्लं सुस्त. मूत्रपिंडातल्या पेशी काचेवर रंगवल्या. माशांचं रक्त तिथेच बनतं. पांढऱ्या पेशी भरपूर, पण सगळ्या कोवळ्या. एकही धड तयार नाही. रंगवताना चुकलं? पुन्हा बघते.

२६ सप्टें.
चूक नाही. त्याच जोडीची दुसरी वीण, तेच. साधारण चौथा हिस्सा पिल्लं अशी. म्हणजे आईबाप दोघांकडून आलेलं. पेशीला 'आता मोठी हो' सांगणारं जनुक चालूच होत नसणार. कुठलं? आमच्या कॉलेजात शोधायची सोय नाही. मुंबईच्या संशोधन संस्थेतल्या सरांना फोन. "जोडी घेऊन या. तुम्हीही या, इथेच काम करा." कळवते म्हटलं.

२ ऑक्टो., घिवली
घरी आले. आईच्या दंडावर निळे डाग. हिरड्यांतून रक्त. "काय नाय गं, टोपली लागली." टोपलीने हिरड्या? रक्त तपासायला दिलं.

७ ऑक्टो., बोईसर
डॉक्टरांनी काच दाखवली. कोवळ्या पेशींची गर्दी. त्यांनी सांगायच्या आधीच ओळखलं : रक्ताचा कर्करोग. मुंबईला हलवा म्हणाले, लगेच.

९ ऑक्टो.
आई : "तुज्या मासल्यांना पन हाच रोग हाय का?"
"तसाच काहीसा."
"मग त्यांना काय दवा देतंस?"
"काही नाही. मारून बघते."
बोलून गेले. आई हसली. मला हसता आलं नाही.

१३ ऑक्टो., मुंबई
आई दवाखान्यात. दादा चिडला : "आयजवल बस. मासं काय पलून जात नाय." आई म्हणते, संस्थेत जा. माझं काम तिला वेळेत उपयोगी पडणार नाही, हे तिला सांगितलेलं नाही. सरांना काय कळवू?

१६ ऑक्टो.
दादाशी भांडून पालघरहून जोडी आणली. संस्थेत न्यायच्या आधी दवाखान्यात. आईने बरणी हातात घेतली. "यातली आय कोणची?" दाखवली.
"चांगली धडधाकट हाय की."
"तिला काही होत नाही. तिच्याकडून पिल्लांत जातं."
आईने बरणी उशाशी ठेवली. "मी तुला नाय ना दिला?"
नाही म्हटलं, लगेच. माणसांत हा रोग बहुधा तसा येत नाही. बहुधा.
सर वाट बघत असतील. मी अजून तिच्या खाटेशीच बसलेय.