पेटुनिया, फिकट जांभळी

९ जानेवारी १९८९, सोमवार
नवी डायरी, नवा संकल्प: ग्रीटबाईंवर चिडायचं नाही. बाई ग्रीनहाऊस सांभाळतात. सव्वीस वर्षं इथेच आहेत. झाडांशी बोलतात, माझ्याशी नाही.
दुसरा संकल्प: जुलैत कायम व्हायचं. जागा एक, उमेदवार दोन. मी आणि समोरच्या लॅबमधली मार्लूस. म्हणजे खरं तर उमेदवार एकच.

१२ जानेवारी
पुढेमागे वर्तमानपत्रवाले येतीलच. त्यांच्यासाठी सोपं करून ठेवतो. जीन म्हणजे तिजोरीत ठेवलेलं पाककृतींचं पुस्तक. आरएनए म्हणजे त्यातून उतरवून स्वयंपाकघरात पाठवलेली चिठ्ठी. चिठ्ठी पोचली की रंग शिजतो. मी पेटुनियाला जांभळ्या रंगाचा एक जादा जीन दिलाय. चिठ्ठ्या दुप्पट, रंग दुप्पट. इतकं सरळ आजवर कुणाला सुचलं नाही, याचं नवल वाटतं.
मार्लूस उलट्या अक्षरांचा आरएनए घालते. तो सुलट्या चिठ्ठीला चिकटतो आणि मग ती वाचताच येत नाही. बंद पाडायला काय अक्कल लागते?

२ मार्च
कळ्या आल्या. प्रोफेसर फान डोर्पना सांगून टाकलं, असा जांभळा येईल की काळा वाटेल. आधी फुलू दे, म्हणाले. जळतात.

१० मार्च, सकाळी ८
पहिलं फूल. पांढरं.
दुपारी ३: आणखी चार. पांढरी.
ग्रीटबाईंनी रोपांची अदलाबदल केली, दुसरं काय.

१३ मार्च
लेबलं तपासली. माझ्याच अक्षरात आहेत. मग पाणी असेल. नाहीतर खत. बाईंचं म्हणणं, पाणी-खत सगळ्यांना एकच, आणि शेजारच्या साध्या पेटुनिया छान जांभळ्या आहेत. मी विचारलं, मी डॉक्टरेट, तुमचं शिक्षण किती? दहाच्या कॉफीला सगळ्यांसमोर विचारलं, त्यामुळे मुद्दा नीट पोचला.

२१ मार्च
पाकळ्यांतला आरएनए तपासला. फिल्मवर (आरएनए तिथे काळ्या पट्ट्यांच्या रूपात उमटतो) बाकी सगळ्या चिठ्ठ्या ठणठणीत. फक्त रंगाची गायब. मी घातलेल्या जीनची, आणि झाडाच्या स्वतःच्या जीनचीसुद्धा.
कारण लगेच कळलं. बोटांच्या घामाने आरएनए नासतो, आणि पाकळ्या खुडल्या ग्रीटबाईंनी. बाईंचा घाम नेमकी रंगाचीच चिठ्ठी कशी शोधून खातो, आणि फुलं खुडण्याआधीच पांढरी का, हे वेगळे प्रश्न. उद्यापासून बाईंना हातमोजे. कॉफीलासुद्धा.

२९ मार्च
या वेळी पाकळ्या मी स्वतः खुडल्या. तेच. बाई मागे उभ्या होत्या, त्याने माझं चित्त विचलित झालं.

४ एप्रिल
ग्रीटबाईंचा वाढदिवस. डच रीतीप्रमाणे केक त्यांनीच आणला आणि सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. मी दोन तुकडे खाल्ले. मनात काही ठेवत नाही मी.
बाई हळूच म्हणाल्या, एकच निरोप दोनदोनदा सांगितला की माझा नवरा एकही ऐकत नाही, झाडाचं तसंच झालं असेल, प्रोफेसरांना एकदा दाखवा तरी. मी ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. खूप हसलो. मार्लूस हसली नाही. तिला विनोद कळत नाही.

६ एप्रिल
उद्या प्रोफेसर प्रयोगाचं रजिस्टर बघणार. पांढरं म्हणजे तरी नक्की काय? डोळे बारीक करून पाहिलं तर जांभळट झाक आहेच. लिहिलं: ‘सत्तावन्न झाडं. फुलं सर्व फिकट जांभळी.’ निरीक्षक म्हणून बाईंची सही लागते. फुलं पांढरी आहेत, म्हणाल्या. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाने रंगावरून वाद घालू नये, असं मी प्रेमाने समजावलं. सही केली त्यांनी. कागदाकडे न बघताच. वय झालंय.

१० एप्रिल
जीन घातलेली झाडं वाफेच्या भट्टीत मारून टाकायची, असा नियमच आहे. बाईंकडूनच घालून घेतली, सत्तावन्नच्या सत्तावन्न. बियाही. एक कुंडी ठेवू का म्हणत होत्या. नियम म्हणजे नियम. फिल्म मी स्वतः फाडल्या. हलकं वाटलं.
माझ्या शिफारशीवरून बाईंची बटाट्याच्या गोदामात बदली. तिथे घामाने काही बिघडत नाही.

१९ जून
प्रोफेसर परिषदेहून आले ते धावतच. मला आणि मार्लूसला बोलावलं. दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये जादा जीन घातला तर फुलं पांढरी आली म्हणे. दोन्ही जीनच्या चिठ्ठ्या गायब. म्हणजे चिठ्ठ्या फार झाल्या की पेशी स्वतःच त्या नष्ट करते, असं त्यांना वाटतंय. कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आपल्याकडे असं कधी दिसलं होतं का?
मी उभाच राहिलो. मार्चमध्ये! सगळ्यांच्या आधी!
प्रोफेसरांनी रजिस्टर उघडून वाचलं. झाडं कुठायत, विचारलं. बिया? फिल्म?
मी म्हटलं, ग्रीटबाईंना विचारा, त्यांच्याइतकी प्रामाणिक बाई या इमारतीत नाही. गोदामात फोन लावला, आवाज खोलीभर ऐकू येईल असा. मी आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. मग प्रोफेसरांनी रंग विचारला.
बाईंनी उलट विचारलं,
“रजिस्टरमध्ये डॉक्टरांनी काय लिहिलंय, साहेब?”
प्रोफेसरांनी सांगितलं.
“मग फिकट जांभळीच. खाली माझी सही आहे.”

३ जुलै
मार्लूस कायम झाली. पहिल्याच दिवशी तिने ग्रीटबाईंना ग्रीनहाऊसमध्ये परत आणलं. दोघी माझाच प्रयोग पुन्हा लावतायत.
माझं कंत्राट ऑगस्टअखेर संपतं. जगात कुणी न पाहिलेली गोष्ट महिनाभर रोज सकाळी माझ्यासमोर फुलत होती, आणि ती खोटी ठरवायला मी बाईंची सही घेतली.
संध्याकाळी एका शेतकी शाळेसाठी अर्ज भरायला बसलो. ‘आजवरचं महत्त्वाचं निरीक्षण’ असा रकाना आहे. कोरा सोडला. तिथे निरीक्षकाची सही लागत नाही, फक्त अर्जदाराची.