वुई ऑलवेज मॉक यू, सर

१२ ऑगस्ट १९८५, सोनपेठ
आजपासून रोज लिहिणार. हेडमास्तर अण्णासाहेब एकतीसला रिटायर होतायत. जाण्याआधी सुपरवायझरच्या जागेसाठी संस्थेकडे एका नावाची शिफारस करणार. नाव उघड आहे. अकरा वर्षं इतिहास शिकवतोय मी. मानपत्र इंग्रजीत हवं, ही सूचना मीच मांडली. लिहिणारही मीच.

१४ ऑगस्ट
काल लिहायचं राहिलं. लाइट नव्हती.
एका वाक्यावर अडलोय. 'आम्ही सदैव आपले अनुकरण करतो.' कॉपी म्हणावं, तर परीक्षेमुळे तो शब्द आपल्याकडे पार बदनाम. फॉलो पाचवीतल्या पोरालाही येतं. डिक्शनरीत नक्कल करणे पाहिलं. इमिटेट, मिमिक, मॉक. मनकर्णा म्हणाली, "इमिटेशन म्हंजी खोट्या बांगड्या न्हाई का?" बायकोला इंग्रजी येत असल्याचा त्रास. मिमिक म्हणताना जीभ अडखळते.
मॉक! लहान, वजनदार.

१९ ऑगस्ट
विमलबाईंनी मसुदा वाचला. इंग्रजी शिकवतात, म्हणून दाखवावा लागला. म्हणाल्या, "सर, मॉक म्हणजे टिंगल. नक्कल बी होतंय, पण चिडवायला केलेली."
दोन अर्थांपैकी हलका तेवढाच उचलला! सुपरवायझरच्या जागेसाठी त्यांचाही अर्ज आहे. समजलो.

२४ ऑगस्ट, दुपारी
परभणी. यष्टी गंगाखेडला दीड तास बंद पडली. छापखान्यात कंपोझिटर नागनाथने दोनदा विचारलं, "सर, हे असंच ठिवायचं?" म्हटलं, तुमी फक्त खिळे जुळवा. सोनेरी शाई. काचेची फ्रेम.

३१ ऑगस्ट
यशस्वी! मी स्वतः वाचलं. 'वुई ऑलवेज मॉक यू, सर' म्हणताच सभा स्तब्ध. विमलबाईंनी तोंडाला पदर लावला. शेवटी विरघळल्या. अण्णासाहेब गणिताचा माणूस, त्यांचे डोळे भरून आले. उत्तरात म्हणाले, "आय ऑल्सो मॉक यू ऑल." टाळ्या.
नंतर ऑफिसात त्यांनी शेवटची सही केली. शिफारसपत्र मला दाखवलं. 'दिनकरराव हॅज मॉक्ड मी सिन्सिअरली फॉर इलेव्हन इयर्स. ही विल मॉक एनी हेडमास्टर.' पाया पडलो.

१२ सप्टेंबर
संस्थेच्या सचिवांनी बोलावलं. पत्र पुढ्यातच होतं. विचारलं, "अण्णासाहेबांशी तुमचं काही वाकडं होतं का?"
म्हटलं, "छे! मी तर त्यांना रोज मॉक करायचो."
त्यांनी चष्मा काढला. "समोर?"
"समोर, वर्गात, स्टाफरूममध्ये. सगळीकडे."
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पाच मिनिटांत इंटरव्ह्यू आटोपला. प्रश्नच उरले नसतील.

२१ सप्टेंबर
ऑर्डर आली. विमलबाई.
माझं नाव नाही, कारणही नाही. अकरा वर्षं!

२३ सप्टेंबर
अण्णासाहेबांकडे दाद मागायला गेलो. बैठकीतल्या खिळ्यावर फ्रेम नव्हती. औरंगाबादचे जावई येऊन गेले म्हणे. त्यांनी अर्थ सांगितला. अण्णासाहेबांनी मला खुर्ची दिली. मग म्हणाले, "दिनकरराव, मी ते समद्या गल्लीला वाचून दाखवलं हो." चहा आला. माफी मागायची होती, पण तोंडातून डिक्शनरीचं नाव निघालं.

२४ सप्टेंबर
आज बाईंचा सत्कार ठरला. अभिनंदनपत्र मीच लिहावं, असं स्वतः बाईंनीच सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.
मराठीत लिहायचं आहे.