नातवाला पाटावर बसवणाऱ्या जावेबद्दल

दि. १२ मार्च २०२५

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक तथा दक्षता अधिकारी (जादूटोणाविरोधी कायदा),
आमच्या हद्दीचे पोलीस ठाणे, पुणे शहर

विषय : नातू अभय यास देव ठरवून त्याचे उपचार बंद पाडणाऱ्या विजयमाला यांना शिक्षा होणेबाबत.

संदर्भ : आपले हवालदार म्हणाले, "आजी, लेखी आणा." त्यांना वाटले, ही कसली लिहिते.

साहेब,

मी सुंदराबाई, राहणार नारायण पेठ. मंडईत लिंबे-कोथिंबीर विकते. साठीनंतर अक्षरे शिकले. हा अर्ज माझ्याच हातचा आहे, तरी नीट वाचावा.

१. अभय सव्वीस वर्षांचा आहे, आईवडील नाहीत. लहानपणापासून एकलकोंडा. गाड्यांच्या नंबरात आपल्यासाठी निरोप असतो असे त्याला वाटते. लोक आपल्याबद्दलच बोलतात म्हणून रस्ता बदलतो. भर एप्रिलमध्ये स्वेटर घालतो. डॉक्टरांनी बरेच दिवस तपासून सांगितले की हे वेड नाही आणि अंगात येणेही नाही. याला स्किझोटायपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. दर मंगळवारी दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या अपूर्वा मॅडमशी बोलायचे, भीती फार वाढली तर गोळी, आणि घरच्यांनी धीर धरायचा, असा उपचार ठरला.

२. विजयमाला माझी धाकटी जाऊ, खालच्या मजल्यावर राहते. अभय एकदा म्हणाला, "योगेश आज पडणार." योगेश तिचा मुलगा. तो दारापुढच्या खड्ड्यात पडला. त्या खड्ड्यात सगळी गल्ली पडली आहे, मीसुद्धा. पण जावेने ठरवले, पोरात देवी आली. तिने मुद्दाम मंगळवारच धरला. त्याला पाटावर बसवते आणि बायका रांगेने विचारतात, लग्न कधी, फ्लॅट कधी. तो घाबरून कसलातरी नंबर सांगतो, त्या नमस्कार करतात. मी अडवले तर म्हणते, "जाऊबाई, तुमच्या गोळ्यांनी देवी निघून जाईल." जाऊ दे की!

३. तरी मी मॅडमचा वार बदलून घेतला आणि पोरगा सुधारत होता. गेल्या महिन्यात माझ्या गाळ्यावर उभा राहिला आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "लिंबं ताजी आहेत." गिऱ्हाईक न घेता गेले, पण मी दिवसभर खूश होते. दुसऱ्या दिवशी जाऊ बायका घेऊन आली आणि भर मंडईत तिने त्याच्या पायावर डोके ठेवले. तो पोत्यांमागे जाऊन बसला. तेव्हापासून मॅडमकडे जात नाही. म्हणतो, लोक पाया पडतात म्हणजे नंबर खरेच आहेत. आता मी त्याला काय सांगू?

४. काल आपल्या हवालदारांच्या पत्नीही रांगेत होत्या. बदलीचे विचारत होत्या. आपल्या माहितीसाठी.

तरी गुन्हा नोंदवून ही रांग बंद करावी. कायद्याचे तेवढ्याने भागेल, माझे नाही. जावेला त्याच पाटावर, त्याच बायकांपुढे बसवावे. उत्तर येईपर्यंत उठू देऊ नये. पाणी मागितले तर देवीला तहान लागत नाही असे सांगावे. अभयला तिने हेच सांगितले होते. रांगेत पहिली मी असेन. माझा प्रश्न एकच : पोरगा "धाकटी आजी, मला उठू दे" म्हणत होता, तेव्हा तुला ऐकू येत नव्हते का?

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, पण पुढच्या मंगळवारपर्यंतच,
सुंदराबाई

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला.
२) पाट. ठाण्याच्या दाराशी टेकवून ठेवला आहे. आमच्याकडे परत पाठवू नये. जावेला बसवायला लागेल.