नाकातला सायरन

१९ जानेवारी, सकाळी
घसा खवखवतोय. सर्दी नव्हे, चाकणची धूळ. २६ला कंपनीत झेंडावंदनानंतर पूर्ण हजेरीचा सत्कार आहे. गेल्या २६ जानेवारीपासून एकही खाडा नसलेले दोघंच: मी आणि बसमध्ये शेजारी बसणारा ज्योतीराम. मिक्सर मिळणार. सुट्टीचा प्रश्नच नाही.

२० जानेवारी
नाक गळतंय. मोबाइलवर लेख वाचला. विषाणू नाकातल्या पेशीत घुसला की ती इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते. सायरनच तो. शेजारच्या पेशींना बजावते, मला लागण झाली, तुम्ही सांभाळा. त्या लगेच आतून बंदोबस्त करतात. शेंबूड म्हणजे विषाणू अडकवायचा चिकटा. अरे, हे तर आमचं इनकमिंग इन्स्पेक्शन, येणाऱ्या मालाची तपासणी! मी क्वालिटीतला जुना माणूस. माझ्या नाकातून खराब माल पुढे जाणं शक्य नाही.

२१ जानेवारी
मास्क लावणार होतो. पण मास्क दिसला की एचआरवाले घरी पाठवतात. मग खाडा. बसमध्ये भरपूर शिंकलो. शिंक म्हणजे रिजेक्ट मालाचा डिस्पॅच. तो कुठे पोचला हे बघणं क्वालिटीचं काम नाही. ज्योतीरामने विचारलं, सायेब, सर्दी का? म्हटलं, धुळीची ॲलर्जी. बिचाऱ्याने खिडकी लावून घेतली. मला वारा लागू नये म्हणून.
रात्री बायको म्हणाली, खोटं बोललात. खोटं नव्हे, प्राथमिक अंदाज.

२३ जानेवारी
मी ठणठणीत. पेशींना मानलं! ज्योतीराम मात्र शिंकतोय. त्याचे वडील भिमाजी दमेकरी आहेत, हे आज आठवलं. म्हणजे, माहीत आधीपासूनच होतं. पण अख्ख्या चाकणमध्ये विषाणू काय माझ्या एकट्याकडेच होता? उद्या त्याला खरं सांगून टाकायचं. नक्की.

२४ जानेवारी
ज्योतीराम आला नाही. भिमाजींना ॲडमिट केलंय, ऑक्सिजनवर आहेत. त्याचा खाडा पडला. मला डबा गेला नाही. मन खातंय. फोन हातात घेतला, ठेवला. आजारी घरात उगाच फोन करू नये.

२६ जानेवारी
सत्काराला एकच नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. लाज वाटली. मिक्सर घेतला. येताना बसमध्ये शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला.
संध्याकाळी ज्योतीरामचाच फोन. म्हणाला, वडलांचा ऑक्सिजन काढला, आता बरे हायेत. पण सायेब, मी आलो की चार दिवस माझ्याशेजारी बसू नका. मला सर्दी हाय, तुमाला लागंल.
म्हटलं, आधी सांगितलंत ते बरं केलंत. काळजी घेईन.