डबा फाटकावर राहिला

आबा, दुपारचे सव्वादोन वाजलेत. साड्यांच्या घड्या अर्ध्यावर ठेवून मी गोदामाच्या जिन्यात बसून हे लिहितोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माय ते विसरली आहे. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं बरं होत नाही, नुसतं सांभाळायचं. रोज दुपारी ती भाकरी थापते, डबा भरते आणि तुमच्या लूमच्या कारखान्याकडे निघते. अडवलं तर चिडते. "सरक! तुना आबाले भूक लागनी व्हई."

म्हणून मी एक छोटं यंत्र आणलं. ते जिथे असेल तिथे माझ्या मोबाइलच्या नकाशावर ठिपका दिसतो. गळ्यात घातलं तर माय तोडून टाकायची. मग पुष्कळ विचार करून मी ते डब्याच्या पिशवीच्या अस्तरात शिवलं, कारण पिशवीशिवाय ती घराबाहेर पडत नाही. तुम्ही होतात तेव्हा चालू मशीन सोडून तुम्हाला फाटकापर्यंत येता यायचं नाही. माय फाटकावर वॉचमनकडे डबा द्यायची आणि मोकळ्या हातांनी परतायची. लहानपणी रोज पाहिलेलं हे मला शिवताना आठवलं नाही.

गेल्या सोमवारी ठिपका फाटकाशी थांबला. मला वाटलं, बसली असेल सावलीत. काम आटोपून गेलो तर पिशवी वॉचमनच्या खुर्चीला टांगलेली. "अम्मा तो कब की गई," तो म्हणाला. डबा देऊन ती घरी निघाली होती, पण आताच्या, बमरोलीच्या घरी नाही, तर नवागामच्या, आपल्या पहिल्या खोलीकडे. दिवस मावळताना तिथल्या रेल्वे लाइनपाशी सापडली. एका भाजीवालीने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. "तुझीच माय ना? रुळावरून ओढून आणली रे पोरा." माय माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कोन शे, भाऊ?"

आता यंत्र तिच्या परकराच्या नेफ्यात शिवलंय. शेजारची काकू हसली. "शिवत काय बसतोस? बाहेरून कडी लाव." मी तिच्यावर ओरडलो, "माझी माय काय ढोर आहे?"

हा कागद कुठे पाठवणार, खिशातच राहील. ठिपका सकाळपासून घरातच आहे, जराही हललेला नाही. आबा, आज मी कडी लावून आलोय.